जोमरेताईचा चौथा माईक

आमच्या योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात माईक घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी त्या माईकवर थुंकतो. मुद्दाम नाही थुंकत, पण थुंकतोच. नमुन्याचा माईक उचलतो, तोंडाशी नेतो, "आ, आ, येतंय का ऐकू" म्हणतो, आणि वरच्या स्पंजाच्या टोपीत त्याचं जे काही असेल ते जाऊन बसतं. तळमजल्यावरच्या पांग साहेबांच्या काउंटरवरची ती टोपी मी सहा वर्षं बघतेय. आणली तेव्हा करडी होती, आता पिवळट झालीय. पावसात तिला वास सुटतो. तरी लोक येतात, ओठ टेकवतात, आ आ करतात. शी. 

मी बान गुमसिल. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून माझं वायरींचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच. वायरी, पिना, प्लग, आणि एका डब्यात कॉलरला लावायचे साधे माईक. बावीस वर्षं झाली. पूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसायची, आता लोक घरबसल्या फोनवरून मागवतात. उरलेत ते व्हिडिओवाले. त्यातले निम्मे कॅमेऱ्यासमोर बसून नुसते जेवतात. त्यांना माईक कशाला हवा, तर चावल्याचा आवाज छान यावा म्हणून. एकाने मला दुकानात उभ्या उभ्या ऐकवलं होतं. आधी कुरुमकुरुम, मग फुर्र, मग गिळल्याचा गटकन आवाज. लाखभर लोकांनी ऐकलंय म्हणाला, अगदी अभिमानाने. आमच्या घरी कुणी जेवताना असा आवाज केला असता तर आजीने डोक्यात चमचा हाणला असता.

जोमरेताई या असल्या गर्दीतली नव्हती, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

पूर्ण नाव मो जोमरे. वय सहासष्ट, मूळची दक्षिण किनाऱ्यावरच्या मोक्पोकडची, चणीने लहान, मनगटं मात्र हमालासारखी. एकतीस वर्षं एका शाळेत नऊशे पोरांचं दुपारचं जेवण रांधलं तिने. पातेलं ढवळायला फावड्याएवढा डाव, आणि आवाज असा की स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने "भात टाकलास तर याद राख" म्हटलं की मैदानाच्या पलीकडचं पोर परत येऊन ताट पुसून खायचं. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं. सांगितलं म्हणजे कुजबुजलं. निवृत्त झाली त्याच वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, जीव वाचला, पण आवाज अर्धाच परत आला. जो आला तोही बारीक आणि फाटका, कागदावरून नख ओढल्यासारखा.

आणि अशा आवाजात बाईने व्हिडिओ करायला घेतले. घरगुती भाज्या, चटण्या, रस्से. फोन समोर उभा करायचा, हाताने कापायचं आणि तोंडाने सांगायचं. खाली लोक लिहायचे, "आजी, काही ऐकू येत नाही." "नुसती घरघर येतेय." कुणी लिहिलं होतं, "हातांचाच व्हिडिओ ठेवा, बोलू नका." सुनेचंही तेच म्हणणं. आमच्याकडे हल्ली निम्मे रांधायचे व्हिडिओ मुकेच असतात, खाली अक्षरं सरकतात, मागे पियानो वाजतो. सून म्हणाली, "आई, मी अक्षरं टाकून देते, तुम्ही बोलायचा त्रास कशाला घेता?"

जोमरेताईला हे झोंबलं. "डॉक्टरने माझा निम्मा आवाज काढून घेतला," ती मला म्हणाली होती, "उरलेला निम्मा हिने काढून घ्यायचा का?"

पण हे पुढचं. आधी पांग साहेब.

आमच्या इमारतीत एक रीत आहे. गिऱ्हाईक एकदा एखाद्या काउंटरला टेकलं की ते त्याचं. दुसऱ्याने तिकडे मान वळवायची नाही, भाव सांगायचा नाही, आणि "बाई, तिथे फसाल" असं तर मुळीच म्हणायचं नाही. ज्याने म्हटलं त्याला मग कुणी सुट्टे देत नाही की संडासाची किल्ली देत नाही. मी बावीस वर्षं ही रीत पाळली. कुणाचं काय व्हायचं ते होवो, आपण आपल्या वायरी गुंडाळायच्या.

तर पांग साहेबांनी जोमरेताईला पहिल्या खेपेस डबीतले दोन चिमुकले बिनतारी माईक विकले. मी जिन्यावर उभी राहून चहा पीत होते, सगळं कानावर येत होतं. "आई, आई" करत होता. स्वतःच्या आईला महिनोन्महिने फोन करत नाही हा माणूस, पण साठीच्या वरची कुठलीही बाई दिसली की "आई, जरा बसा ना". महिन्याभराने ती परत आली. आवाज नीट येत नाही म्हणाली. त्याने दुसरा दिला, बातम्यावाले धरतात तसला लांब दांड्याचा. मग तिसरा, लोखंडी हातावर लटकणारा, दुधीभोपळ्याएवढा.

"आई, तुमचा आवाज नाजूक," पांग साहेब म्हणाले. "नाजूक आवाजाला तल्लख माईक लागतो. हा बघा, मुंगी चालली तरी ऐकतो."

त्या भोपळ्याच्या किमतीत माझ्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघालं असतं. जोमरेताईने पाकिटातून जपून नोटा काढल्या आणि वर त्यालाच वाकून नमस्कार केला. मला इतकी किळस आली, की उरलेला चहा मी कुंडीत ओतला. किळस त्याची आली की माझी, ते तेव्हा नीट कळलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती चौथ्यांदा आली. पांग साहेबांचं शटर बंद होतं, ते जेवायला गेले होते. जोमरेताई तिथेच बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीतून तो लोखंडी हात बाहेर आला होता. मी दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही.

"ताई, वर या," म्हटलं. "त्याची वाट बघू नका. पाचवाही देईल तो."

वर आल्यावर तिने फोन काढला. मी हेडफोन लावले आणि ऐकलं. ऐकलं काय, मोटारीच्या बॉनेटला कान लावल्यासारखं वाटलं. ऊंऊंऊं, सलग, जाड. त्याच्या तळाशी कुठेतरी एक बाई मुळ्याबद्दल काहीतरी सांगत होती. जुना व्हिडिओ लावला, बिनतारी माईकचा. त्यात घरघर कमी होती. जितका महाग माईक तितकी घरघर जास्त.

"घरात कसलं यंत्र चालू असतं का?"

"नाही गं. गॅस असतो. भाताचं विजेचं भांडं मी बंद करते."

"पंखा? हवा शुद्ध करायचं ते?"

"थंडीत पंखा?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी ठरले. मग मान खाली घालून म्हणाली, "हा शेवटचा. नव्या वर्षाच्या सणाचा व्हिडिओ करायचाय, तांदळाच्या वड्यांचं सूप. हाही ऐकू आला नाही तर सून म्हणते तसं करीन. अक्षरं टाकीन आणि गप्प बसेन."

मी डब्यातून अठरा हजार वॉनचा कॉलरचा माईक काढला. आमच्याकडे दोन वाट्या नूडल्स येतात तेवढ्यात. तिला सांगितलं, बारीक आवाजाला तल्लख माईक नको, जवळचा हवा. जो माईक मुंगी ऐकतो तो घरातलं सगळंच ऐकतो. हा हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, वायर एप्रनच्या पट्ट्यामागून न्यायची, कापडाला घासू द्यायची नाही. इतकी साधी गोष्ट. पांग साहेबांना ती माहीत नव्हती असं नाही. म्हणून तर माझं डोकं फिरलं. दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर निघाले.

माफोच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. दारात बूट काढले. स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच. माईक लावला, ती बोलली, मी ऐकलं. आवाज जवळ आला होता, पण घरघर गेली नव्हती. मी दिवा बंद करून बघितला. बॉयलर बंद केला. खिडक्या लावल्या. वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवून बघितली, कपडे धुताय का विचारायला. एका म्हाताऱ्याने मला हाकललं. परत येऊन भिंतीला कान लावत लावत फिरले, आणि कोपऱ्यात ज्याला टेकून उभी राहिले तेच माझ्या पाठीत गुरगुरत होतं.

किमचीचा फ्रिज.

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्यात हा फ्रिज घरोघरी असतो, साध्या फ्रिजहून वेगळा, फक्त किमचीसाठी, म्हणजे तिखट लावून आंबवलेल्या कोबीसाठी. तो चोवीस तास घरघरतो आणि कुणालाच ऐकू येत नाही. माझ्या घरी माझ्या उशाशी आहे, मलाही येत नाही. म्हणून तर मी, बावीस वर्षं आवाजाच्या वायरी विकणारी बाई, सगळं घर धुंडाळून शेवटी तिथे पोचले. जोमरेताईचा फ्रिज मोठा, दोन दारांचा, चौदा वर्षांचा. आत नोव्हेंबरात घातलेली वर्षभराची किमची. लांब कोबीचे चाळीस गड्डे, आणि मोक्पोकडची पद्धत म्हणून त्यात कच्च्या वाकटी मासळीचे तुकडे.

"हा बंद करायचा," मी म्हटलं.

"वेडी झालीस का?"

"पाऊण तास. पाऊण तासात काही होत नाही ताई, दार उघडलं नाही तर आत गार राहतं."

"माझ्या सासूने मरताना पण विचारलं होतं, फ्रिज चालू आहे ना म्हणून."

"मग बसा अक्षरं टाकत."

तिने सुरी उचलली. तोंड फिरवून हिरव्या कांद्याची पात कापायला लागली. मी ते होकार समजले, भिंतीतल्या प्लगला हात घातला आणि ओढला.

घर एकदम शांत झालं. इतकं, की सुरी पाटावर टेकल्याचं कळलं. मग ती बोलली, "आधी वड्या पाण्यात टाका, घाई करू नका." आणि माझ्या हेडफोनात तो आवाज पहिल्यांदा नीट आला. खरखरीत होता, मध्येच तुटत होता, एखाद्या शब्दाच्या शेवटी नुसती हवाच यायची. पण शब्दन् शब्द कळत होता. त्यात दरारा होता. आपण वड्या पाण्यात टाकायला उशीर केला तर आपली धडगत नाही असं वाटत होतं. मला रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली, कारण हिला तीनदा खाली त्या काउंटरवर वाकताना मी बघितलं होतं आणि वर चहा प्यायले होते.

एका दमात व्हिडिओ झाला. मग तिने मला सूप वाढलं, बरणीत मुळा भरून दिला, दाराशी मी बूट घातले, तिने माझी कॉलर नीट केली, मी निघाले. ती दुसऱ्या दिवशी सणाला मुलाकडे तेजॉनला गेली.

प्लग भिंतीखाली पडलेलाच होता. तिला वाटलं मी लावला. मला काहीच वाटलं नाही.

सण तीन दिवसांचा, पण बर्फ पडलं म्हणून मुलाने तिला आठ दिवस ठेवून घेतलं. पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून घर सोडताना जमिनीखालच्या नळ्यांतली ऊब चालूच ठेवतो आम्ही, तशी तिनेही ठेवली होती. व्हिडिओ लोकांनी बघितला. मी दुकानात रोज उघडून बघायची. "आता ऐकू आलं आजी," असं लोक लिहीत होते. मी हे पांग साहेबांच्या काउंटरसमोर मुद्दाम मोठ्याने लावायची. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, संडासाची किल्लीही मिळेना. पण मी खुशीत होते.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. "गुमसिल, ये," एवढंच. आणि बंद.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरच नाकात गेलं. आंबट म्हणू नका, आंबट मी ओळखते. हे आंबट, सडलेल्या मासळीचं, लसणाचं आणि गॅस गळल्यासारखं, सगळं एकात. वरचा म्हातारा नाकाला टॉवेल बांधून दारात उभा होता. त्याने मला ओळखलं. "बेल वाजवून धुणं विचारणारी तूच ना," म्हणाला आणि दार आपटलं.

आत फ्रिजची दोन्ही दारं उघडी होती. डब्यांची झाकणं फुगून उडाली होती. लाल रस्सा कप्प्याकप्प्यांतून गळून जमिनीवर आला होता, तिथून चटईखाली, आणि खालून ऊब, म्हणजे तो तिथे अंगावर बुरशी धरून शिजत होता. वाकटीचे तुकडे विरघळून बुळबुळीत झाले होते. मी हातमोजे घालून एक गड्डा उचलला, तो बोटांतून घसरला आणि माझ्या पायातल्या मोज्यांवर पडला. मला दोनदा बाहेर जाऊन कोरडं ओकावं लागलं. तुम्ही म्हणाल काय हे वर्णन. मी ते पाच तास निपटलंय, मला सांगू द्या.

जोमरेताई मात्र एक शब्द बोलत नव्हती. गुडघ्यांवर बसून फडका पिळत होती. मी म्हटलं, "ताई, मी प्लग काढला, मीच लावायचा होता. चूक माझी." ती गप्प. "पैसे भरते, नवे कोबी आणू, दोघी मिळून घालू." ती गप्प. मला वाटलं संपलं. एका व्हिडिओसाठी बाईची वर्षभराची किमची मी घालवली, आता ही पुन्हा तोंड उघडणार नाही, सुनेला सांगेल टाक अक्षरं. त्या वासापेक्षा मला त्या गप्प बसण्याने जास्त उबळ येत होती.

"बोला ना काहीतरी," मी म्हटलं. "शिव्या द्या."

तिने फडका बादलीत टाकला. हात धुतले, एप्रन नीट केला, खणातून तो अठरा हजारांचा माईक काढला आणि हनुवटीखाली वीतभर मोजून लावला.

"फोन धर," ती म्हणाली. "आज फ्रिज बंदच आहे."

मी धरला. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ही बाई प्लग विकून पोट भरते. बावीस वर्षं. हिला काढलेला प्लग परत लावता येत नाही." तिथून जे सुरू झालं ते वीस मिनिटं. माझी अक्कल, माझं दुकान, माझे आईबाप, मला सूप वाढलं ती वाटी, सगळं निघालं. आणि बोलता बोलताच हात चालू. वरचे, मासळी न लागलेले, नुसते फार आंबलेले सहा गड्डे तिने वेगळे काढले होते. ते तीन पाण्यांतून धुवायचे कसे, पिळायचे कसे, तिळाच्या तेलात परतायचे कसे, वास जाईपर्यंत साखर किती. मध्ये आवाज पार बसला की ती थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि राहिलेली शिवी पुरी करायची. मी कॅमेऱ्यामागे नाक दाबून उभी होते, आणि हात हलू देत नव्हते.

तो व्हिडिओ बाकी सगळ्यांपेक्षा जास्त चालला. खाली एकाने लिहिलं होतं, "भात टाकू नकोस म्हणून ओरडणाऱ्या बाई तुम्हीच ना? आवाज बदललाय. पण मी आत्ता ताटातला शेवटचा घास खाल्ला." जोमरेताईने मला ते फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. सुनेने पुन्हा अक्षरांचं नाव काढलं नाही.

आता दर शनिवारी मी माफोला जाते. आल्या आल्या बूट काढले की जोमरेताई ते प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि किमचीच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, मार्चमध्ये आम्ही दोघींनी घातलेल्या किमचीच्या शेजारी. मग प्लग मी काढते. "बूट नसले तर जाशील कुठे?" ती म्हणते. निघताना बुटांसाठी फ्रिज उघडायचा म्हणजे प्लग आठवल्याशिवाय राहत नाही. मी म्हटलं पिशवीत छिद्र आहे. ती म्हणाली, तुझ्या डोक्यालाही आहे.

गेल्या शनिवारी असेच बर्फासारखे गार बूट घालून मी बसमध्ये बसले. गाडीतल्या गरम हवेने जरा वेळात बूट कोमट झाले आणि त्यांतून लसूण आणि मासळी वर यायला लागली. शेजारच्या बाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग उठून पुढे जाऊन उभी राहिली. मला माझीच किळस आली. मी खिडकी किलकिली केली, कानात वायर घातली आणि दुपारचा व्हिडिओ लावला. पहिल्याच वाक्यात ती मला शिव्या देत होती, आणि त्यातला एकेक शब्द ऐकू येत होता.